विझल्यानंतरचा भार

बसने करकचून ब्रेक मारला तेव्हा मी उभी होते आणि हा खिडकीशेजारच्या जागेवर बसला होता. माझा तोल गेला, हातातली पिशवी पुढच्या माणसाच्या पाठीत बसली, आणि सवयीने मी याच्या खांद्यावर हात टाकला. याने खांदा आक्रसून घेतला. गर्दीत परक्या बाईचा हात लागला की सभ्य पुरुष चोरतात तसं अंग चोरलं. मग अदबीने उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बसा ना तुम्ही. मला पुढे उतरायचंच आहे." मी बसले. दुसरं काय करणार? मागे उभी असलेली एक बाई, हिला बरी जागा मिळाली, अशा नजरेने माझ्याकडे बघत होती. हा दांडा धरून, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. त्या पाठीवरचा शर्ट मीच सकाळी इस्त्री केला होता, बटणं मीच लावली होती, कॉलर मीच नीट केली होती आणि तेव्हा त्याने हनुवटी वर धरून मला कॉलर नीट करू दिली होती. दोन थांबे गेले. मग हा वळला, वाकला आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "काय गं, असा का चेहरा केलायस? पोटात दुखतंय का?" मी म्हटलं, "काही नाही, ब्रेकने दचकले जराशी." "हे ड्रायव्हर ना," तो म्हणाला, आणि ड्रायव्हर लोकांबद्दलचं त्याचं ठरलेलं भाषण सुरू झालं. मी ते शब्दन्‌शब्द ऐकलं.

नवऱ्याने मला ओळखलं नाही, असं पहिल्यांदाच झालं होतं. आधी वस्तू गेल्या. चाव्या, छत्र्या, चष्मा. त्याचं घरात कुणाला नवल नव्हतं, कारण हा धडधाकट होता तेव्हाही चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचा आणि मी मुद्दाम सांगायची नाही. मग शब्द जायला लागले, मग ओळखीचे रस्ते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मेंदूची चित्रं उजेडावर धरून आजाराचं नाव सांगितलं. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो, ते म्हणाले, पण आतून, आणि बोटांनी काहीतरी पोखरल्याची खूण केली. त्या बोटांचा मला इतका राग आला की मी औषधाच्या वेळा तेवढ्या विचारल्या आणि याला घेऊन बाहेर पडले. पुढे काय काय जाईल ते मी पुस्तकांत वाचलं होतं. तरी माझ्यापुरती मी निर्धास्त होते. का, ते सांगता येणार नाही. सव्वीस वर्षं आम्ही एकमेकांशी भांडलो होतो, एकाच डब्यात जेवलो होतो, एकमेकांची सर्दी घेतली होती. रस्ते विसरतील, शब्द विसरतील, पण मी कशी विसरले जाईन, असं मला वाटत होतं. शिकल्यासवरल्या बाईने असा बावळटपणा करावा! बसच्या खिडकीतून दुकानं मागे जात होती आणि हा अजून ड्रायव्हरांवर बोलत होता.

सकाळी नणंद नेहमीप्रमाणे त्याच्याजवळ बसायला आली होती. ती याची धाकटी बहीण. शेजारच्या इमारतीत राहते आणि मी कामावर गेले की दिवसभर याला सांभाळते. आज मी याला बरोबर कामावर नेणार आहे म्हटल्यावर तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत. "वहिनी, कशाला नेतेस दादाला तिथे? काहीतरी बरळेल, लोक हसतील. त्याला लोक हसलेले मला नाही बघवायचे." मी खाली बसून याच्या बुटांच्या नाड्या बांधत होते. "आज त्याच्या सांध्याची चाचणी आहे," मी म्हटलं. "ते त्याला ठाऊक आहे का?" मी दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली. याने वरून माझ्या डोक्यावर टपली मारली आणि बहिणीला म्हणाला, "घट्ट बांधते गं ही. पाय सुन्न होतात." ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. डबा भरून देते तेवढा तरी ने, म्हणाली.

मी लाकूड जाळायचा पगार घेते, असं शेजारीपाजारी म्हणतात आणि ते काही खोटं नाही. उंच लाकडी इमारती बांधतात हल्ली, पंधरा-पंधरा वीस-वीस मजल्यांच्या. लोकांना भीती वाटते, लाकूड म्हटलं की ते भुर्रकन पेटणार. तसं होत नाही. हातभर जाडीची तुळई पेटते, पण सावकाश. वरून तिचा कोळसा होत जातो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला झाकून धरतो. तुळई आम्हाला सहसा दगा देत नाही. दगा देतो तो सांधा, जिथे तुळई खांबाला येऊन मिळते ती जागा. तिथे लाकडाला खाच पाडून आत पोलादी पट्टी बसवतात, तिच्यातून आरपार पिना घालतात, आणि वरच्या सगळ्या मजल्यांचं ओझं त्या मूठभर पिनांवर येतं. पोलाद जळत नाही, पण ते उष्णता आत नेतं. पिनेच्या भोवतालचं लाकूड आतल्या आत मऊ पडतं, करपतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून असा एकेक सांधा इमारतीत जाण्याआधी आमच्याकडे येतो. आम्ही त्याच्यावर खऱ्या इमारतीएवढा भार टाकतो, खालून भट्टी पेटवतो, आणि तो किती वेळ तग धरतो ते बघत बसतो. उंच इमारतीला नव्वद मिनिटं लागतात. तेवढी धरली की पास.

हा मला भेटला तो त्याचा पहिला सांधा घेऊन. त्या काळी मी भट्टीवर नवीन होते आणि मला येणाऱ्याजाणाऱ्यावर वसकायची सवय होती. याचा सांधा अर्ध्या तासातच मोडला. असे सांधे मोडले की ते करणारे लोक आमच्याशी भांडतात, भार जास्त टाकलात म्हणतात, भट्टी जास्त तापवलीत म्हणतात. हा खो खो हसत सुटला. मग मला म्हणाला, "करवत आहे का हो तुमच्याकडे? आत बघू या." आम्ही दोघांनी तो गार झालेला काळा ठोकळा मधोमध चिरला. आत प्रत्येक पिनेभोवती तपकिरी कडं पडलं होतं, बाहेरून शाबूत दिसणाऱ्या लाकडाच्या पार पोटात. हा गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ बघत होता. नाकाला काजळी लागली होती आणि मी ते सांगितलं नाही. घरी जाईपर्यंत तसाच हिंडला असेल. त्या चिरलेल्या ठोकळ्याचा एक तुकडा आमच्या झोपायच्या खोलीच्या दाराला अडण म्हणून इतकी वर्षं आहे, आणि त्याच्यावर ठेच लागून मी त्याला दिलेल्या शिव्या मोजल्या तर आमच्या संसाराचा बराचसा भाग त्यात येईल.

पुढे त्याने एकच हेका धरला. भार काढू नका. सगळीकडे रीत अशी की नव्वद मिनिटं झाली, बर्नर बंद केले, की भार सोडून द्यायचा. चाचणी संपली, चहा प्या. हा भर बैठकीत उठून म्हणायचा, आग विझली म्हणजे काय झालं? उष्णता तर अजून आत चाललीय. पिना विझल्यानंतर जास्त तापतात, दोन-दोन तास तापत राहतात. आणि आग विझली की माणसं आत शिरतात, बंबवाले शिरतात, कुणी आपलं सामान शोधायला शिरतं. तेव्हाच वरचा मजला डोक्यावर यायचा का? लोक म्हणायचे, नियमात नाही. हा म्हणायचा, लाकडाने नियम वाचलेत का? मग आमच्याकडे त्याचा सांधा असला की सगळे निघून गेल्यावरही हा स्टूल घेऊन भट्टीसमोर बसून राहायचा, भार तसाच ठेवून, थंड होईपर्यंत. त्याच्याबरोबर मी, कारण भट्टी माझी, आणि भट्टीवाला, ज्याला सगळे बर्फ म्हणतात. हजार अंशाच्या जाळासमोर त्याला कधी घाम फुटलेला कुणी पाहिलेला नाही आणि तो कधी घाईत बोललेलाही कुणी ऐकलेला नाही. तिघं बसायचो. डबा उघडायचा, गप्पा चालायच्या. मी याच्या प्रेमात पडले ती त्या बसण्यात. कुणालाही सांगितलं तर हसतील, पण विझलेल्या भट्टीसमोर बसून पडले.

आजचा सांधा त्याचा शेवटचा होता. एका अठरा मजली इमारतीसाठी त्याने तो केला होता, आजाराचं नाव कळण्याच्या आधी. मग त्याचं काम सुटलं, त्याच्या कंपनीने सांधा पुढे नेला, तुळई-खांब तयार झाले आणि महिन्याभरापूर्वी नमुना आमच्याकडे आला. आमच्याकडे एक बंद खोली आहे, तिथे हवा, ओल सगळं एकसारखं राखलेलं असतं आणि लाकूड चाचणीपूर्वी तिथे मुरत ठेवतात. एका दुपारी कुणी नसताना मी तिथे गेले. ताज्या लाकडाचा वास कोंडलेला होता. मी त्याच्या सांध्यावरून हात फिरवला, वेडेपणा म्हणा हवं तर, आणि किती सुबक काम होतं ते! पोलादाचा मागमूस नाही, पट्टी आत, पिनांची टोकं आखूड करून त्यांच्यावर लाकडी बुचं बसवलेली, बुचांच्या रेषादेखील तुळईच्या रेषांशी जुळवलेल्या. ही बुचं म्हणजे पिनांचं पांघरूण. एक बूच नमुन्याबरोबर सुटं पाठवलं होतं. ते मी सहज उचललं, बोटांत धरलं, आणि मला कळलं की ते आखूड आहे. दोन बोटं आखूड. नव्वद मिनिटांना पुरेल, बरोब्बर नव्वदच. विझल्यानंतरच्या उष्णतेसाठी जास्तीचं लाकूड ठेवायचं असतं, ते नव्हतं. जगात जो एक माणूस ते कधी म्हणजे कधी विसरला नसता, तोच विसरला होता. म्हणजे तेव्हाच सुरू झालं होतं. तो हा सांधा करत होता त्या उन्हाळ्यात आम्ही समुद्रावर गेलो होतो, त्याने मला पाण्यात ढकललं होतं, आम्ही हसत होतो, आणि तेव्हाच सुरू झालेलं होतं. मी त्या खोलीत खाली फरशीवर बसले आणि तोंडात ओढणीचा बोळा घालून रडले, कारण ती खोली इतकी शांत आहे की साधा हुंदकासुद्धा बाहेर ऐकू जातो.

नंतर डोळे पुसून मी स्वतःला समजावलं की नियमाने तो पास होणार आहे. नियम नव्वद मिनिटांचाच आहे. बर्नर बंद, भार बंद. सांधा इमारतीत जाईल, कंपनीच्या लोकांनी त्याला याचं नाव द्यायचं ठरवलं होतं, पुढे शंभर ठिकाणी तो वापरला जाईल. याचं सगळं पुसलं जात असताना एक वस्तू तरी याच्या नावाने उभी राहील. आणि विझल्यानंतरचं? रोज कुठे आगी लागतात? मी हे असंच्या असं मनात म्हटलं. जिने सव्वीस वर्षं भट्टीवर काढली त्या बाईने म्हटलं.

आम्ही पोचलो तेव्हा बर्फने भट्टी तयार ठेवली होती. कंपनीकडून याच्या हाताखाली शिकलेली बाई आली होती, आता तीच त्या इमारतीचं काम बघते. ती याच्या पाया पडायला वाकली आणि याने घाईघाईने पाय मागे घेतले. "सर, ओळखलंत ना?" तिने विचारलं. असा प्रश्न विचारू नये हे लोकांना कसं कळत नाही! हा हसून म्हणाला, "वा, म्हणजे काय!" आणि माझ्याकडे वळून डोळ्यांनी विचारलं, कोण गं ही? निदान तेव्हा विचारण्यासाठी मीच होते. मी हळूच सांगितलं. मग त्याने तिची विचारपूस केली, तिच्या मुलाचं विचारलं. तिला मुलगी आहे. ती म्हणाली, मजेत आहे सर. आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, आज पास होऊ दे हो. त्यांच्यासाठी तरी." मी म्हटलं, "लाकडाला सांगा." पण मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

भट्टी पेटली. जाड काचेच्या झरोक्यातून आधी पिवळं, मग नारिंगी, मग असं काही पांढरं दिसतं की त्याला रंग म्हणता येत नाही. तुळईचा पृष्ठभाग धुमसून काळा पडला, त्याला भेगा गेल्या. हा आपणहून कोपऱ्यातलं स्टूल घेऊन भट्टीसमोर त्याच्या जुन्या जागी जाऊन बसला होता. कुणी सांगितलं नव्हतं. गुडघ्यांवर कोपरं, हातांत हनुवटी. मी आकड्यांच्या पडद्यापाशी उभी होते. सांध्याच्या पोटात तारा घातलेल्या असतात, त्या आतलं तापमान दाखवतात, एकेका तारेला आकडा दिलेला असतो. अधूनमधून हा मान न वळवता विचारायचा, "सात किती?" मी सांगायची. "आणि अकरा?" मी सांगायची. तो मान हलवायचा. बर्फने माझ्याकडे पाहिलं. सातवी आणि अकरावी तार मधल्या पिनांच्या अगदी पोटातली असते, आणि हे याला बरोबर ठाऊक होतं. याला काल रात्री न्हाणीघर सापडलं नव्हतं. मी तिथे उभी राहून आकडे सांगत होते आणि मला इतका आनंद होत होता की माझीच मला लाज वाटत होती. बसमधला तो गृहस्थ कुठे गेला होता? हा तर हाच होता, माझा, काजळी नाकाला लावून घेणारा. नव्वद मिनिटं कधी संपू नयेत असं मला वाटलं.

पण संपली. सांधा जेमतेम केसभर झुकला होता. बर्फने बर्नर बंद केले, जाळाचा आवाज थांबला आणि त्या जागेतली शांतता कानाला विचित्र लागली. कंपनीच्या बाईने टाळ्या वाजवल्या, मग एकटीच वाजवतेय म्हणून ओशाळली आणि याच्याकडे धावत गेली. "सर, अभिनंदन! धरलं सर!" याने उठून तिच्याशी हात मिळवला. "कशाबद्दल?" तो म्हणाला. ती माझ्याकडे बघायला लागली. हा परत स्टुलावर बसला आणि तिला शेजारची खुर्ची दाखवून म्हणाला, "बसा. अजून संपलेलं नाही." बर्फ भाराच्या चावीवर हात ठेवून उभा होता. त्याने नेहमीच्या सावकाश आवाजात विचारलं, "ताई, सोडू का भार?"

एवढंच होतं. मी हो म्हणायचं, त्याने चावी फिरवायची. त्या बाईचा चेहरा मला दिसत होता, ती नुसत्या डोळ्यांनी हो म्हणा, हो म्हणा करत होती. आणि मलाही म्हणायचं होतं, खरं सांगते, शब्द अगदी ओठांवर होता. पण हा समोर बसला होता, काळ्या काचेकडे बघत, जसा तो सव्वीस वर्षं बसत आला होता, आणि माझ्या ध्यानात आलं की याच्यात आता जे काही याचं म्हणून उरलंय ते सगळं त्या बसण्यात आहे. तो आता पुन्हा इथे येणार नाही. पुढच्या वेळी नणंद म्हणते तेच खरं होईल, मी त्याला आणणार नाही. आज भार सोडला असता तर सांध्याला त्याचं नाव मिळालं असतं आणि तो म्हणत आला ते सगळं मीच खोटं पाडलं असतं, त्याच्या बायकोने, त्याच्या डोळ्यांदेखत. ती इमारत उभी राहील, तिच्यात लोक राहायला येतील, कधीतरी एखाद्या मजल्यावर आग लागून विझेल आणि कुणीतरी आत शिरेल. त्या माणसाची काळजी याने आयुष्यभर केली होती. मला याची काळजी होती, बस. मला त्या कुणाचंही काही पडलेलं नव्हतं. पण याला होतं. "राहू दे," मी बर्फला म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बर्फने चावीवरचा हात काढला आणि तो आपला डबा आणायला गेला.

"ताई, अहो, पास झालाय तो," कंपनीची बाई कुजबुजली. "कशाला थांबायचं आता?" मी म्हटलं, "बुचं आखूड आहेत. तुम्ही बघितली नाहीत?" ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "बघितली होती." आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसलो. बर्फने डबा उघडला, नणंदेने दिलेला आम्हीही उघडला. हा चवीने जेवला. त्याने मला अर्धा घास काढून ठेवला, त्याची जुनी सवय, आणि मी तो गिळला. "सात?" तो म्हणायचा. मी सांगायची. वाढतच होता. आग विझून इतका वेळ झाला तरी आकडा चढतच होता, आणि हा दर वेळी मान हलवत होता, म्हणजे बघा, म्हणत नव्हतो का मी, अशी. मी मनातल्या मनात लाकडाची मनधरणी करत होते. आयुष्यात मी कुठल्या देवाला नवस बोलले नाही आणि एका अर्धवट जळालेल्या सांध्याला बोलले. थांब, म्हटलं. अजून थोडं. तू त्याचा आहेस ना, मग थांब ना रे. ऊन एका खिडकीतून सरकून दुसऱ्या खिडकीत आलं होतं. भट्टीची भिंत हात लावण्याइतकी निवली होती. मला वाटलं, सुटलो.

आधी एक बारीक आवाज आला. लाकूड मोडताना करतं तसा मोठा नव्हे, बारीक, दाराची कडी सरकल्यासारखा. याने मान वर केली. मग भार टाकणाऱ्या जॅकचा काटा हलला आणि तुळई एका बाजूने सावकाश, अगदी सावकाश कलत गेली आणि धाडकन भट्टीच्या तळाशी आली. काळ्या धुळीचा लोट झरोक्याला आतून भिडला. कंपनीच्या बाईने तोंडावर हात ठेवला. बर्फ म्हणाला, "गेला." मी याच्याकडे बघत होते, दुसरीकडे कुठेच नाही. कसं सांगायचं, हा एकच विचार होता. हसेल का, पहिल्या वेळी हसला होता तसा? रडेल का?

हा उठला. झरोक्यापाशी गेला, काच पुसून आत बघितलं, हाताचा पंजा डोळ्यांवर धरून बराच वेळ बघितलं. मग आमच्याकडे आला. चेहरा गंभीर होता, पण शांत होता. "कुणाचा होता?" त्याने विचारलं.

कंपनीची बाई म्हणाली, "सर, तो तुम..." आणि मी तिचा हात इतका दाबला की तिला लागलं असेल. "आहेत एक जण," मी म्हटलं. "आमच्या ओळखीचे."

"पिनांवर पांघरूण कमी ठेवलंय. दोन बोटं तरी कमी आहे." तो थांबला. "बाकी काम हुशार माणसाचं आहे हं. फार हुशार. ह्या खाचा बघितल्यास का? असं काम करणाऱ्याने एवढी साधी गोष्ट कशी सोडली, नवल आहे. काहीतरी होत असणार त्याला तेव्हा."

"हो," मी म्हटलं.

"तूच सांगणार ना त्याला? हळू सांग. तू तोडून बोलतेस. नव्वद मिनिटं धरलं हे आधी सांग, मग मोडल्याचं सांग." त्याने खिशातून रुमाल काढला, बोटांची काजळी पुसली, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं माझ्याकडे काळजीने बघितलं. "घरी आहे ना कुणी त्याच्या? आज त्याला एकट्याला सोडू नका म्हणावं."

"आहे," मी म्हटलं. "बायको आहे."

त्याने रुमालाची घडी करून तो खिशात ठेवला. "मग तिचंच अवघड आहे," तो म्हणाला.